हा डबा माणसाचा खांब करील!

नागपूरच्या नंदनवन भागातल्या आमच्या गल्लीत पूर्ण एक वर्ष टीव्ही शिरू दिला नाही, याचं सगळं श्रेय माझं आहे.

(एक घर सोडून. त्या घराकडे येतोच.)

हल्ली पेपरात रोज संगणकाच्या बातम्या असतात. हे यंत्र म्हणे दहा कारकुनांचं काम एकटं करणार, पगार मागणार नाही आणि मधल्या सुट्टीत चहाही पिणार नाही. (चहा न पिणाऱ्यावर ऑफिस कसं चालेल, हे कुणी सांगत नाही.) गल्लीतले लोक मला अडवून विचारतात, "काय लेखक, याच्यावर तुमचं पत्रक कवा निघून राहिलं?" आणि विचारून झालं की तोंडाला रुमाल लावतात. त्या रुमालामागे काय आहे, ते एकदा मीच सांगून टाकलेलं बरं.

मी पत्रकांवर वाढलो. ही काही अलंकारिक भाषा नाही. बाबा इतवारीतल्या एका छापखान्यात कंपोझिटर. छापताना बिघडलेले कागद ते घरी आणत. माझी बाराखडी संपाच्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर झाली. शाळेत नेलेली पोळी मोर्चाच्या हाकेत गुंडाळलेली असे. "बंधूंनो आणि भगिनींनो" हे शब्द मी "आई"च्या आधी बोललो, अशी आईची अजून तक्रार आहे.

त्यामुळे नागपुरात टीव्ही आला तेव्हा मी गप्प बसणं शक्यच नव्हतं. पेपरवाले लिहीत होते की टीव्हीमुळे शेतकरी शहाणा होणार, पोरं अभ्यासाला लागणार आणि देश पुढे जाणार. मी पेटलो! एका बैठकीत पत्रक लिहिलं. मथळा : "हा डबा माणसाचा खांब करील!" खाली मजकूर : "बंधूंनो आणि भगिनींनो, टीव्हीपुढे माणूस बोलत नाही, हलत नाही, विचार करत नाही. तो उरतो नुसता उभा खांब!"

छपाईचे खिळे जुळवताना बाबा थांबले. "टीव्ही तं लोक बसून पाह्यतात. उभा खांब कसा काय गा?"

"आवेश आहे तो बाबा. राहू द्या."

त्यांनी राहू दिलं.

पत्रकाच्या तळाशी शपथ होती : "मी माझ्या घरात टीव्ही आणणार नाही." दोन दिवसांत अख्ख्या गल्लीनं सह्या केल्या! नळाला पाणी येत नाही, या अर्जावर ज्यांनी आठवडाभर पेन शोधलं होतं, त्यांनी इथं माझ्याच खिशातलं पेन ओढून सही केली. टेंभुर्णे मास्तरांनी तर सर्वांच्या वर, वळणदार अक्षरात. मला तेव्हाच संशय यायला हवा होता. पण चळवळीत यश मिळालं की संशय कुणाला येतो?

सही केली नाही ती एकट्या मोटघरे काकांनी. ते पोस्टातून रिटायर झालेले. टीव्ही त्यांनी आधीच घेतला होता.

"माह्या पैशाचा हाये बे! तू कोण मले शिकवणारा?"

दुसऱ्या खेपेच्या पत्रकात मी एक ओळ वाढवली : "आपल्या गल्लीत एक गुलाम अजून शिल्लक आहे." नाव घातलं नाही. अँटेना एकाच घरावर होती.

आणि मग जानेवारीत माझी धाकटी बहीण सुमन शाळेच्या लेझीम पथकात निवडली गेली. पथक दिल्लीला, सव्वीस जानेवारीच्या संचलनात! आणि संचलन दिसणार होतं टीव्हीवर. एकदाच. त्याच सकाळी.

निघताना आईनं तिच्या पिशवीत लाल रिबीन कोंबली. "सगळ्या पोट्ट्याइच्या हिरव्या ना? बाईले न सांगता तू लाल बांधजो. मले लगेच दिसशीन."

सुमन गेली. आईनं माझ्याकडे पाहिलं.

"आता सांग. पाह्यचं कुठी?"

"आई, हा तत्त्वाचा प्रश्न आहे."

"तत्त्वाले मी जेवू नाही घातलं. तुले घातलं! माही पोट्टी दिल्लीत नाचणार, अख्खी दुनिया पाह्यणार, अन् मायनंच नाही पाह्यचं काय?"

सव्वीस जानेवारीला बाबा सकाळीच "छापखान्यात काम हाये" म्हणून निघून गेले. (त्या दिवशी छापखाना बंद असतो, हे मला तेव्हा आठवलं नाही.) आईनं ठेवणीतलं पातळ नेसलं आणि माझ्यापुढे चालू लागली. थेट मोटघऱ्यांच्या घराकडे!

मी मनात एक भारदस्त वाक्य जुळवत होतो. दार उघडंच होतं. आत डोकावलो आणि वाक्य अर्धंच राहिलं.

आत अख्खी गल्ली बसली होती! सगळे सहीवाले! पहिल्या रांगेत, घरून आणलेल्या उशीवर, टेंभुर्णे मास्तर.

"मास्तर! तुमची तर पहिली सही!"

"हाये ना," मास्तर टीव्हीवरची नजर न काढता म्हणाले. "माह्या घरात आणणार नाही म्हणलं. आणला काय? जाऊन शोध. शपथ मोडणारा माणूस नोहे मी."

त्यांच्या शेजारी एक ओळखीची टोपी दिसली.

"बाबा??"

"तुह्या मायची जागा धरून राहिलो गा," बाबा म्हणाले आणि शेजारच्या रिकाम्या फरशीवर हात थोपटला.

घाईत ज्यांना ओलांडून आलो, ते मोटघरे काका आता दिसले. ते घराबाहेर, पायरीवर बसले होते. त्यांना आत जागा नव्हती.

"या लेखक! या!" काका उठले. "पहिले माह्या घरी चार लोक येत होते. तू सह्या घेतल्या अन् अख्खी गल्ली येऊन राहिली! कोणी आपला घ्याले तयार नाही, तं करतीन काय? काकू पहाटेपासून चहा करून राहिली. धर्मशाळा केली बे तू माह्या घराची! अन् गुलाम कोण? मी?"

"काका, आईला फक्त..."

"माय जाईन आत. पण पहिले नवं पत्रक लिहून दे. सगळ्याइनं आपापला टीव्ही घ्या म्हणून. आत्ता. इथंच!"

मी छाती काढून म्हणालो, "काका, मी माझं मत फिरवणार नाही!"

आत बँड सुरू झाला. आई टाचा उंचावून, माझ्या खांद्यावरून आत बघायला लागली. आई बुटकी आहे. तिला लोकांच्या पाठींशिवाय काहीही दिसत नव्हतं.

मी खिशातून माझंच जुनं पत्रक काढलं आणि त्याच्या पाठीवर लिहिलं : "बंधूंनो आणि भगिनींनो, प्रत्येक घरात स्वतःचा टीव्ही असणं ही काळाची गरज आहे!" (वाईट म्हणजे वाक्य झकास उतरलं होतं.)

आई आत जाऊन बसली. मी चप्पल काढली, एक पाय आत टाकला, आणि पडद्यावर मुंग्याच मुंग्या!

"पतंग अडकली अँटेनाले!" कोणीतरी ओरडलं. संक्रांत नुकतीच होऊन गेली होती. काकांनी मला खालून वर न्याहाळलं आणि शिडीकडे बोट दाखवलं. "सगळ्यात लंबा तूच हायेस. चढ."

मी गच्चीवर गेलो. पतंग ओढली, मांजानं बोट कापलं, पण पतंग निघाली. खालून आरोळी आली, "आलं!"

मी हात सोडला.

"गेलं!"

मी हात लावला.

"आलं! धरून ठेव गा!"

दुसऱ्या हातानं मी डोकं खाजवलं.

"आवाज गेला! हात वर कर! अजून वर! हां, तसाच ऱ्हाय!"

असा मी उभा राहिलो. एक हात अँटेनाच्या पाइपावर, दुसरा आकाशाकडे. सभेत मी नेमका असाच उभा राहतो. इथं श्रोते म्हणजे दोन कावळे.

आणि खालून आईचा आवाज, "लेझीम आली! नागपूरच्या पोट्ट्या आल्या!"

मी सगळं विसरून शिडीकडे धावलो.

"गेलंऽऽ!" अख्खं घर ओरडलं. त्या सगळ्यांवर आई, "परभाकर! जागचा हाललास तं याद राख!"

"आई, मलेही पाह्यचं हाये!" (पत्रकातली भाषा कधी गळून पडली, कळलंच नाही.)

"तू उभा ऱ्हाय! मी सांगीन तुले मंग!"

मी पुन्हा पाइप धरला, हात वर केला. खिडकीतून लेझमीचा खणखणाट वर येत होता आणि मी समोरच्या गच्चीवर वाळत घातलेली गोधडी बघत होतो.

"लाल रिबीन कुठी हाये?" आईचा आवाज घाबरा झाला. "एकाही पोट्टीची लाल दिसत नाही!"

"वहिनी, याच्यात लाल-हिरवं काही नसते," मास्तर म्हणाले. "सगळं काळं-पांढरं."

तत्त्व गेलं, बोट कापलं, हात भरून आला, आणि आईला तिची पोरगी ओळखू येणार नव्हती! मी पाइप घट्ट धरला. जणू जोर लावला तर पडद्यावर रंग येईल!

"ते पाहा! ते!" आई किंचाळली. "सगळ्याइचा उजवा पाय, अन् तिचा डावा! माहीच पोट्टी! घरी पण अशीच चुकते!"

अख्ख्या गल्लीनं टाळ्या वाजवल्या. दोन्ही हात अडकल्यामुळे मला वाजवता आल्या नाहीत.

संचलन संपलं, विमानंही गेली, तरी मला उतरायला कोणी सांगितलं नाही. काकू कप गोळा करायला अंगणात आली, तेव्हा तिला मी दिसलो.

सुमन आली ती विचारतच आली, "दादा, मी कशी दिसली?" आईनं पाय सांगितला, बाबांनी टाळ्या सांगितल्या. मी चुलीकडे बघत बसलो.

"दादानं नाही पाह्यलं?"

बाबा उठले. खुंटीवरच्या कोटातून माझं पहिलं पत्रक काढलं आणि कानावरची पेन्सिल हातात घेतली.

"तुह्यं भाकीत खरं निघालं गा," ते म्हणाले. "उभा खांबच बरोबर होता, मीच उगा शंका घेतली. चूक मथळ्यात राहून गेली."

आणि त्यांनी "माणसाचा" खोडून, वर स्वच्छ अक्षरात लिहिलं, "लेखकाचा".