वारा नसताना हललेला काटा

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला तर नाहीच. आज तुम्हाला का सांगतोय — खरंच ठाऊक नाही.

ऐंशीच्या दशकात खालापूरजवळच्या एका शेडमध्ये आम्ही हवेला बाजूला व्हायला शिकवत होतो. हसू नका. आवाजापेक्षा वेगानं जाणाऱ्या वस्तूपुढं हवा भिंतीसारखी दाटते. प्रयोगाची प्रमुख मालती; तिचं म्हणणं असं, की वस्तूच्या नाकापुढं मायक्रोवेव्हचा झोत एकवटला, तर तिथली हवा तापून जांभळी पेटते — त्याला प्लाझ्मा म्हणतात — आणि भिंत सैल पडते. कल्पना तिची. मी भिसेगावहून एसटीनं येणारा तिचा सहायक. तोंडावर ‘मॅडम’, मनात नुसतं मालती.

सकाळभर टाकीत हवा दाबून भरायची, आणि चाचणीत तिचा वारा वस्तूवर सोडला की ती बघता बघता संपायची. की पुन्हा भरा! पण खरं सांगू? मला ते भरणंच आवडायचं. तेवढा वेळ मालती माझ्या डब्यातलं वालाचं बिरडं खात गप्पा मारायची. टाकी भरूच नये असं वाटायचं. आई डबा बांधताना मला चिडवायची, “लाजतोस काय? घरी आन की रं त्यांना. मी काय खानार हाय?” मी कसला आणतोय! मालतीसमोर माझी बोबडी वळायची.

मी टाळतोय. कळतंय मला.

रोजचा एक नेम होता. आधी वारा बंद ठेवून मायक्रोवेव्ह सोडायचा आणि वस्तूवरचा हवेचा जोर दाखवणाऱ्या काट्याकडं बघायचं. वाराच नाही, तर जोर कुठला? काटा हलता कामा नये. हे बघणं माझं काम. एके सकाळी ती यायच्या आधी मी ते केलं — आणि काटा खाली गेला. म्हणजे काट्याची तारच मायक्रोवेव्ह पकडत होती. वाऱ्यात झोत सोडला की जोर कमी झालेला दिसे, तो या तारेमुळंही असेल; त्यावर आता भरवसा उरला नव्हता. ती आली. “हलला का?” विचारलं. मी म्हटलं, “नाही, मॅडम.”

का? खरं सांगितलं असतं तर शेड बंद झाली असती आणि ती मुंबईला परत गेली असती. एवढंच कारण.

पुढचे महिने रोज मी तेच उत्तर दिलं; ते माझ्या आयुष्यातले सगळ्यांत सुखाचे. लाज वाटते, पण सुखाचेच. ती खुशीत आकडे मांडत होती आणि मी तिच्याकडं बघत होतो.

मग वरून तपासणीला मंडळी आली. त्यांनी आधी वारा बंद ठेवूनच चाचणी मागितली. काटा गेला खाली. हे आधी पाहिलं नव्हतं का, असं त्यांनी विचारलं. मालतीनं माझ्याकडं पाहिलं. रागानं नव्हे — मी बोलेन म्हणून. आणि मी बोललो.

“मॅडमनी पाहायला सांगितलंच नव्हतं.”

“जबाबदारी माझी,” एवढंच ती म्हणाली.

तिला बेपर्वा ठरवलं. ते काम पुन्हा तिच्या हाती कुणी दिलं नाही. कर्जत स्टेशनपर्यंत जीपमध्ये ती माझ्या शेजारी बसली होती, मांडीवर आकड्यांची वही घेऊन. मला अजून तिची आठवण येते — फार येते.

त्या सकाळी खरं बोललो असतो, तरी ती गेलीच असती. पण स्वतःची चूक स्वतः शोधलेली बाई म्हणून, ताठ मानेनं गेली असती. तेवढंही मी तिच्याकडं राहू दिलं नाही.