खोलीला विचारणारे तात्या

तात्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाऐवजी थर्मामीटर असायचा. रोह्यातल्या आमच्या गोंदाच्या कारखान्यात ते प्रयोगशाळेचे मुख्य होते आणि मी पेणहून येणारा नवा मदतनीस. सकाळी आल्या आल्या ते थर्मामीटर खिळ्याला टांगायचे आणि दहा मिनिटं कुणाला काम सुरू करू द्यायचे नाहीत.

मला वैताग यायचा. चाचणी खोलीच्या तापमानाला करायची आणि ते सत्तावीस अंश धरायचं, असं पुस्तकातच होतं. तसं म्हटलं की तात्या म्हणत, "कुठल्या खोलीचं? पुस्तक लिवणाऱ्याच्या? आपल्या डोक्यावर पत्रा हाय. खोलीला विचार." घरीही तेच. वालाला मोड कधी येतील ते स्वयंपाकघराच्या हवेला विचार, असं बायकोला ऐकवत. ती म्हणे, मग सोलायलाही तुम्हीच बसा.

मे महिन्यातल्या एका दुपारी ते बैठकीला गेले होते. टँकर भरायचा होता आणि मला पेणची गाडी गाठायची होती. तळाला भोक असलेल्या चाचणीच्या कपातून गोंद भराभर गळला. उकाड्याने पातळ झाला होता तो. मी मात्र वहीत सत्तावीस लिहिलं आणि घट्ट करायची पावडर घालायला सांगितली. तात्या घाईतच परतले.

"खोली बघितलीस?"

"बघितली, तात्या."

त्यांनी सही केली. स्वतः न बघता केलेली ती पहिलीच.

माल परत आला, खळीसारखा घट्ट. चौकशीत तात्या एवढंच बोलले, "सही माझी हाय." त्यांना गोदामात टाकलं. मी मान खाली घालून उभा होतो. पुढे त्यांची खुर्ची मलाच मिळाली.

कबुली द्यायला मला अकरा वर्षं लागली. ओटीवर बसून त्यांनी सगळं ऐकलं.

"ठावं हाय. बैठकीला जाताना थर्मामीटर सवयीनं खिशात घातला मी. घरी शर्ट काढताना गावला. तवर टँकर गेलेला."

मग माझं नाव का नाही घेतलंत, मी विचारलं.

"नेला मीच ना. पन 'तात्या, थर्मामीटर कुठाय?' येवढं जरी इचारलं असतंस..." त्यांनी आतून चहा मागवला.

त्याच वर्षी तात्या गेले.

आता प्रयोगशाळेत एसी आहे. परवा वीज तासभर गेली होती, तरी नव्या मुलीने वहीत सत्तावीस लिहिलं. बघितलंस का, मी विचारलं. "बघितलं, सर." रागावायला तोंड उघडलं, पण कुठल्या तोंडाने बोलणार? उठलो, खिशातला थर्मामीटर खिळ्याला टांगला आणि तिच्याशेजारी दहा मिनिटं उभा राहिलो.