चीक धुतल्यावर दिसतो

धाकटी जाऊ दर मे महिन्यात धुळ्याहून यायची. सोबत तिची दोन पोरं, चार वर्षांची मुलगी आणि दोन वर्षांचा मुलगा. आणि एक कापडी पिशवी. त्या पिशवीचा मला फार राग होता. तीत रंगीत कागद, डिंकाची बाटली, बोथट कात्री, सुतळीचे तुकडे, रिकाम्या काडेपेट्या असायच्या. धुळ्याला ती बालवाडीत शिकवायची. मी चौथी झालेली. माझ्या ट्रंकेत असं काही नव्हतं.

माझी पोरगी त्या वर्षी तीनची होती. एरवी दिवसभर माझ्या पदराला धरून असायची, मी मोरीत गेले तरी दाराशी बसून राहायची. पण ती पिशवी उघडली की ती माझी राहायची नाही.

आमच्या घराची रीत अशी की सुनेनं मोठ्यांसमोर आपल्या लेकराला खेळवायचं नाही. पाजायचं, न्हाऊ घालायचं, निजवायचं, ते काम. खेळवायचं ते आजीनं, आत्यानं, काकूनं. सासूबाई ओसरीवर बसलेल्या असताना मी पोरीचा गालगुच्चा घेतला असता तर शरमेनं मेले असते. जाऊ माझ्या पोरीची काकू, म्हणून तिला मोकळीक होती. आणि स्वतःच्या पोरांनाही ती सगळ्यांसमोर मांडीवर घ्यायची. चार दिवसांची पाहुणी, नोकरीवाली, तिला कोण बोलणार.

ती काय काय करायची ते मला अजून पाठ आहे. दारावर गोणपाट ओलं करून टांगायची, त्याच्या सावलीत घमेल्यात पाणी भरून पोरांना वाट्या द्यायची. नुसतं या वाटीतून त्या वाटीत पाणी ओतण्यात तिन्ही पोरं तासभर गुंग. ज्वारीच्या धांड्याची सालं काढून बैलगाडी करायची. आंब्याच्या चोखलेल्या कोया धुऊन वाळवायची, त्यांना कोळशानं डोळे काढायची, आणि कोयीचे दोरे केसांसारखे विंचरून म्हणायची, "ही बघा, आंबाबाई म्हातारी. हिची वेणी कोण घालणार?"

"मी! मी!" माझ्या पोरीचा आवाज सगळ्यांच्या वर.

मी गच्चीवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घालत असायचे. हात शिजवलेल्या पिठाच्या पातेल्यात नाही तर ज्वारीच्या कण्यांत, आणि डोळे खाली अंगणात. कोयीला डोळे काढणं मला येत नव्हतं का? लहानपणी मी शेकड्यानं काढले होते.

एकदा पोरगी पायरीवर आपटली. गुडघा फुटला. मी जिन्यातच होते, पळत खाली आले, हात पुढे केले. ती माझ्या हातांखालून निसटली आणि रडत "काकू, काकू" करत आत गेली. जावेनं तिच्या गुडघ्याला फुंकर घातली आणि कागदाचं भिरभिरं हातात दिलं. मी तशीच उभी. माझ्या हाताला लागलेलं पीठ वाळून गेलं.

त्याच दिवशी जेवताना जाऊ सासूबाईंना म्हणाली, "आत्याबाई, हिला जूनमध्ये माझ्यासोबत धुळ्याला नेऊ का? माझ्याच वर्गात बसेल. फार हुशार आहे पोर."

"ने की व माय," सासूबाई म्हणाल्या. "अठी काय, मातीत लोळते दिवसभर."

घरधन्यांनी मान हलवली. हलवली ती होकाराची की घास गिळण्याची, मला समजलं नाही. मला कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी माझ्या तोंडातून शब्द फुटला नसता. मी भाकरी वाढत राहिले. त्या दिवसापासून मला झोप नव्हती, आणि जावेच्या प्रत्येक हसण्याचा मला वीट येऊ लागला.

पुढच्या आठवड्यात रावेरला नात्यातलं लग्न होतं. जावेनं तिन्ही पोरांसाठी पांढऱ्या कापडाचे कपडे शिवले, पोरींना दोन फ्रॉक आणि मुलाला झबलं. धुळ्याहून कापडावरचा रंग आणला होता. पोरांच्याच हातानं ठसे मारून घ्यायचे, असं तिच्या मनात. पहिल्यांदा भेंडी कापून तिची फुलं मारली. मग परसात तिला केळीच्या पानांचे दांडे दिसले. आदल्या दिवशी पंगतीला पानं कापली होती, त्यांचे. एक दांडा तिनं आडवा कापला आणि बघतच राहिली. आत बारीक बारीक खिडक्यांची जाळी असते, अर्ध्या चंद्रासारखी.

"अगं बाई, किती सुंदर! पोरांनो, हे बघा, चांदोबाला खिडक्या!" मग तिनं वर माझ्याकडे पाहिलं. "अक्का, याचा डाग तर पडत नाही ना?"

केळीच्या मुलखात दोन वर्षांच्या पोराला हे माहीत असतं. चीक पाण्यासारखा दिसतो, कापडावर पडला तर दिसतसुद्धा नाही. धुतला की काळा होतो, आणि मग जन्मात निघत नाही. म्हणून तर मळ्यात जायचे कपडे आमच्याकडे वेगळे. धुळ्याच्या पोरीला हे कुठून ठाऊक.

मी म्हणाले, "पाणीच तर आहे त्यात."

एवढं मोठं वाक्य मी तिच्याशी त्या महिन्यात पहिल्यांदाच बोलले असेन. ती हसली आणि कामाला लागली. तिन्ही पोरं दांडे रंगात बुडवून ठसे मारत होती. चीक ठिबकत होता. ओले हात पोरं जावेच्याच फिकट गुलाबी साडीला पुसत होती. माझ्या पोरीनं तर दोन्ही हातांनी तिच्या मांडीवर थापट्या मारल्या. मी गच्चीवरून सगळं पाहिलं. एकदा जिभेवर आलं होतं. मग पोरगी म्हणाली, "काकू, तुझ्याच घरी राहू आपण," आणि मी वळून बिबडे उलटायला लागले.

लग्नाच्या आदल्या दिवशी जावेनं कपडे धुतले. दोरीवर वाळले तेव्हा निळ्या-तांबड्या चांदोबांच्या मधे सगळीकडे काळपट ओघळ, ठिपके, बोटं. साडीवर माझ्या पोरीचे दोन्ही पंजे उमटलेले, अगदी पाची बोटांसकट.

सासूबाई दोरीखाली येऊन उभ्या राहिल्या. "माय व! एवढी शिकेल बाई, अन् केळीचा चीक तिले कळेना! कोणाले विचारायचं तरी."

मी स्वयंपाकघराच्या दारात होते. आता ती म्हणणार, अक्कांना विचारलं होतं. जावेनं माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही, कुकरची एक शिट्टी होईल एवढाच वेळ.

"चुकलंच माझं, आत्याबाई," ती म्हणाली.

"हिच्या हाती पोर द्यायची म्हणे धुळ्याले," सासूबाई घरधन्यांना म्हणाल्या. "ऱ्हाऊ दे. पोर अठीच बरी."

मला हवं होतं ते झालं. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. पण तिनं माझं नाव घेतलं असतं तर मी तिच्यावर सुखानं चिडले असते. तेही तिनं ठेवलं नाही.

जायच्या दिवशी मी तिची बॅग घेऊन फाट्यापर्यंत गेले. बस येताना दिसली तेव्हा ती हळूच म्हणाली, "अक्का, पोर धाडायची नव्हती तर नुसतं नको म्हणायचं. मी ऐकलं असतं."

मी बॅग उचलली. बस आली, ती पोरांना चढवून बसली, आणि खिडकीतून माझ्या पोरीला हात करत राहिली. परत येताना वाटेत मला अपराध्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलंही. पण त्याहून जास्त हेवा वाटला. जे महिनाभर माझ्या घशात अडकलं होतं, ते ती बसची वाट बघता बघता एका वाक्यात म्हणून गेली.

घरी आल्यावर पोरीनं भोकाड पसरलं. "काकूसारखी नाव कर." शेवटच्या दिवसांत जाऊ केळीच्या खोडाच्या सालपटाची नाव करून घमेल्यात सोडायची.

सासूबाई ओसरीवर होत्या. मी परसातून सालपट आणलं. मळ्यातली जुनी साडी नेसून भर अंगणात, सगळ्यांसमोर, पोरीला मांडीवर घेऊन बसले. कान तापले होते.

"तू बी लहान झाली का व आता?" सासूबाई म्हणाल्या.

मी उठले नाही. पदर सावरला आणि सालपट दुमडलं, टोकांना काडी टोचली. नाव पाण्यात सोडली. ती एका बाजूला कलली आणि बुडाली.

पोरगी माझ्या मांडीवरूनच वाकून घमेल्यात बघत होती.

"काकूची बुडत नव्हती," ती म्हणाली.

मी दुसरं सालपट घेतलं.