लिलावाचा आवाज

फेब्रुवारी १९७२, रविवार सकाळ, राहुरीचं आमचं घर. हजर: हे, मी, सासूबाई, धाकटे दीर आणि गुळाच्या आडतीचे मालक.

त्या आडतीवर हे लिलाव पुकारायचे. डिसेंबरात मुंबईला यांच्या छातीचं ऑपरेशन झालं. हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीला फुगा आला होता. तो काढला, जीव वाचला, पण आवाज गेला. डॉक्टरांनी मला कागदावर काढून दाखवलं होतं. आवाजाची डावी नस गळ्यातून छातीत उतरते, त्या रक्तवाहिनीला वळसा घालते आणि पुन्हा घशात येते. तिलाच धक्का लागला होता. "वर्षभरात आवाज येईल, किंवा येणारही नाही," ते म्हणाले. तोवर पातळ काही द्यायचं नाही, ते श्वासनळीत जातं. गिळताना मान खाली. घरी आल्या आल्या मी हे स्वयंपाकघराच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवलं. सासूबाईंना वाचता येत नाही, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

मालक खास यांना बघायला आले होते. मी यांच्यापुढे घट्ट लापशीची वाटी ठेवली.

"पाव्हण्यापुढं लापशी?" सासूबाई म्हणाल्या. "तान्हं हाय का त्ये? च्या दे."

"आई, वहिनींना विचार," दीर म्हणाले. "दादाचा आवाज बसल्यापासून घरात त्यांचाच पुकारा चालतो."

मालक हसले. तेवढ्यात सासूबाईंनी चहाची बशी यांच्या हातात दिलीसुद्धा. मालकांसमोर मान खाली घालून पिणं यांना बरं वाटलं नसावं. ताठ बसून घोट घेतला आणि ठसका लागला, तो थांबेना. चेहरा काळानिळा झाला. मी यांना पुढे वाकवून धरलं. श्वास परत आला तेव्हा मालक उभे राहिले होते.

"पाडव्यापासून पुकाऱ्याला दुसरा माणूस घेतो," ते खालच्या आवाजात म्हणाले. "तुम्ही काट्यावर बसा. आवाज आला की जागा तुमचीच."

तेव्हापासून हे काट्यावर गूळ तोलतात. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे ऑगस्टात मुंबईला जाऊन, घशात छोटा आरसा धरून आवाजाची नस तपासून घ्यायची होती. ऑगस्ट गेला. एस.टी.च्या वेळा मी दोनदा विचारून आले. दुसऱ्यांदा हे कुजबुजत म्हणाले, "डॉक्टर न्हाई म्हनला तर? बघितलं न्हाई तवर मालक जागा ठेवतील."

दिवाळी झाली. तपासणी राहिली आहे.