गाठ सुटत नाही, हे आज सिद्ध झालं

मंडळी, आज दुपारी मला फार मोठा आनंद झाला आणि घरात तो सांगायला कोणीच नव्हतं, म्हणून इथे लिहिते.

मी नांदुऱ्यात कॉलेजला गणित शिकवते, एकटीच राहते. माझा संशोधनाचा विषय गाठी. गणितातली गाठ म्हणजे दोन्ही टोकं जोडलेली दोरी. तिला काठ मानून साबणाच्या पडद्यासारखे पृष्ठभाग ताणायचे आणि त्यांवरून गाठ ओळखायची. एका गाठीवर मी कित्येक महिने अडकले होते. न कापता ती सुटून साधं कडं होईल का? आज कळलं, कधीच होणार नाही. पुन्हा तपासलं. बरोबर होतं.

जिच्यासोबत हे काम सुरू केलं, त्या मैत्रिणीला फोन लावला. ती आता पुण्यात नोकरी करते.

"अरे वा, अभिनंदन! मीटिंगमध्ये आहे गं, नंतर बोलू."

संध्याकाळपर्यंत फोन आला नाही.

शेजारच्या काकू कढी द्यायला आल्या, तर त्यांनाच सांगितलं.

"मंग सुटली का ते गाठ?"

"नाही काकू. सुटतच नाही, हे सिद्ध झालं."

"मंग आनंद कायचा बाई?"

मी दोरी घेऊन दाखवलं. त्यांनी मन लावून पाहिलं. "मले काई समजलं नाई. पण तू खुश हायेस, हे दिसून राह्यलं," म्हणाल्या आणि कुकर लावायला गेल्या.

मग मी सगळी सिद्धता रिकाम्या खोलीला मोठ्याने समजावून सांगितली. कोणी एकही शंका विचारली नाही.

जवळच्या कोणालाच कळणार नाही असा आनंद झाला, तर तुम्ही तो कोणाला सांगता?