टिपणीबाईंनी मऊ केलेलं वाक्य

कोर्टात एकतीस वर्षं लघुलेखन करून निवृत्त झालेल्या बाईंना वाचनालयाच्या वरच्या खोलीत सगळे टिपणीबाई म्हणत. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी तिथे तीन विद्वान देवावरून वाद घालायला जमत. एक धर्मशास्त्राचे प्राध्यापक, दुसरे वेगळ्या धर्माचे प्रवचनकार आणि तिसरे विज्ञान शिकवून निवृत्त झालेले मास्तर, ज्यांना देवबिव काही मान्य नव्हतं. बाई शब्दन्‌शब्द उतरवून घेत.

पहिल्या बैठकांत नुसती तू तू मैं मैं झाली. शेवटी बाईंनीच पेन्सिल खाली ठेवून नियम घालून दिला. उत्तर द्यायचं, तर आधी समोरच्याचं म्हणणं असं मांडायचं, की त्याने स्वतः म्हणावं, "हो, हेच म्हणतोय मी." तोवर तोंड उघडायचं नाही. एवढ्याशा अटीने भल्याभल्यांना घाम फोडला. मास्तरांचं म्हणणं मांडताना प्रवचनकारांनी एकदा पाऊण तास घालवला, आणि मास्तर आपले नकारार्थी मान हलवतायत. पण सहा वर्षांत नियम मुरला. माणसाच्या दुःखात देव स्वतः दुःख सोसतो, हा प्राध्यापकांचा मुद्दा मास्तर त्यांच्यापेक्षा सोपा करून सांगू लागले. याचं श्रेय बाईंचं, दुसऱ्या कुणाचंही नाही.

त्या टिपणांचं पुस्तक निघायचं ठरलं. बाईंनी सगळं टाइप केलं. प्रत्येकाने आपलं बोलणं तपासून सही करायची, मगच छपाई. त्या शनिवारी मास्तर वाचता वाचता थांबले.

"बाई, पान एकशे चार. 'लेकराला वाचवू शकत असून जो वाचवत नाही, त्या देवाला दयाळू म्हणणं कठीण आहे.' मी कठीण म्हणालो नव्हतो. त्या लेकराचा अपमान आहे, असं म्हणालो होतो."

"टाइप करताना चुकलं असेल हो," प्रवचनकार सावरायला गेले.

"चुकलं नाही," बाई म्हणाल्या. "मी बदललं."

मास्तर तसे शीघ्रकोपी. "मग बाकीची पानं तरी माझी कशावरून? मी सही करणार नाही."

पुस्तक बुडालं असतं तर बाईंनी सोसलं असतं. पण एकतीस वर्षांत त्यांच्या टिपणावर कुणी बोट ठेवलं नव्हतं. आता कोणत्या तोंडाने इथे बसायचं? तरी त्या खरं तेच बोलल्या.

"माझी एकुलती मुलगी सहा वर्षांची असताना तापाने गेली. मी तेव्हाही देवाला दयाळूच म्हणत होते, आजही म्हणते. तुमचं वाक्य लिहायला हात उचलेना."

सहा वर्षं एका टेबलाशी बसून हे कुणालाच माहीत नव्हतं. मास्तरांचा राग कुठल्या कुठे गेला. "मला कल्पना नव्हती, बाई. राहू द्या, कठीणच असू द्या."

"नाही," बाई ताठ बसल्या. "माझ्यासाठी वेगळा नियम नको. मांडते मी तुमचं म्हणणं. माझी मुलगी तापाने फणफणत होती, तेव्हा देव तिला वाचवू शकत होता. वाचवलं नाही. तरी त्याला दयाळू म्हणून मी माझ्याच मुलीचा अपमान करते. बरोबर?"

मास्तरांनी प्राध्यापकांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर पाहत होते. सुटका नव्हती.

"हो," मास्तर खालच्या आवाजात म्हणाले. "हेच म्हणतोय मी."

"मग आता उत्तर द्यायचा हक्क माझा. आणि उत्तर माझ्याकडे नाही. रोज सकाळी मी देवाशी तिच्याबद्दल बोलते, भांडतेसुद्धा. तिच्या बापाला जाऊन नऊ वर्षं झाली. तिच्याबद्दल बोलावं असं आता दुसरं कुणी उरलेलं नाही."

बाईंनी 'कठीण' खोडून त्या जागी 'त्या लेकराचा अपमान' लिहिलं आणि पान पुढे सरकवलं. अशी माणसं श्रद्धेपोटी बदललेलं वाक्यही तसंच राहू देत नाहीत, आणि खरं लिहिल्यावर श्रद्धाही सोडत नाहीत.

मास्तरांनी सही केली. पण नेहमीसारखे पिशवी उचलून निघाले नाहीत. खुर्ची ओढून ते बाईंच्या समोर बसले.

"कशी होती हो तुमची मुलगी?" त्यांनी विचारलं. "मला सांगा."

बाईंनी वही मिटली आणि सांगायला सुरुवात केली.