मानाचा आजार

हृदयविकाराचा झटका येऊन ज्याची बढती झाली असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो आकुर्डीला आमच्या कंपनीच्या कॉलनीत माझ्या समोरच्या ब्लॉकमध्ये राहत होता. कागदोपत्री ते होते तसेच स्टोअर-कीपर राहिले. पण कॅन्टीनमध्ये त्यांना उठून खुर्ची मिळू लागली, जिन्यात लोक बाजूला होऊ लागले, आणि "तब्येतीला जपा हं" हे वाक्य, जे तोवर फक्त मॅनेजरांच्या वाट्याला येई, ते त्यांना येता-जाता ऐकायला मिळू लागलं. सत्तरच्या दशकातल्या त्या काळात मोटार, टेलिफोन आणि हार्ट अटॅक या साहेब लोकांच्या गोष्टी होत्या. पहिल्या दोन आपल्याला मिळणार नाहीत हे माझ्या या शेजाऱ्यांनी ओळखलं होतं. तिसरी अनपेक्षितपणे पदरात पडली.

मान हीच त्यांची मूळची भूक. लग्नात पहिल्या पंगतीला बसवलं नाही तर उपाशी घरी येत, वहिनींना पिठलं टाकायला लावत आणि "स्वयंपाक सुमारच दिसत होता" म्हणत. कंपनीच्या बसमध्ये ड्रायव्हरमागची जागा त्यांची. तिथे कोणी बसलेला असला तर ते कारखान्याच्या फाटकापर्यंत उभे राहत, पण मागची रिकामी सीट घेत नसत.

अशा माणसाला झटक्याच्या दोन-तीन वर्षं आधी एका भलत्याच आजारानं गाठलं होतं. पाय सुजत, सकाळी चेहरा फुगलेला असे. सरकारी दवाखान्यात पडून राहावं लागलं आणि मूत्रपिंडं खराब झाल्याचं निघालं. भेटायला आलेल्या एकमेव सहकाऱ्याला त्यांनी खरं ते सांगितलं. दुसऱ्या शिफ्टपर्यंत कारखानाभर झालं. "काय राव, नळ चालू झाला का?" "भावा, वायसर बदलून घे की, स्टोअर तर तुझंच हाय!" अशा चेष्टेत विष नसतं, असं म्हणायची पद्धत आहे. मी ती ऐकली आहे, विष होतं. त्यानंतर त्या अवयवाचं नाव त्यांनी घरातसुद्धा काढू दिलं नाही. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे वहिनी अळणी जेवण वाढत आणि दिवसाचं पाणी मापून एका तांब्यात काढून ठेवत. ते पाणी हे घोट घोट पुरवत, आणि कोणी विचारलंच तर "व्रत आहे" म्हणून सांगत.

त्यामुळे झटका आला तेव्हा, वेदना सोडल्या तर, त्यांना आनंदच झाला. पुण्याच्या हृदयतज्ज्ञांकडे मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. डॉक्टरांनी शांतपणे समजावलं, की मूत्रपिंडं निकामी होत गेली की रक्तदाब चढतो, रक्तवाहिन्या खराब होतात, आणि हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्याही त्यातून सुटत नाहीत; तेव्हा ही दोन दुखणी वेगळी समजू नका. मोसंबी आणि शहाळं मात्र पूर्ण बंद. त्यातले क्षार बाहेर टाकणं तुमच्या मूत्रपिंडांना जमणार नाही, आणि ते साचले तर हृदय एकदम थांबेल. सगळं ऐकून शेजाऱ्यांनी एकच प्रश्न विचारला, "म्हणजे मुख्य आजार तो, आणि हार्ट त्याच्या हाताखाली?"

"तसं म्हणा," डॉक्टर म्हणाले.

परतताना चिंचवड येईपर्यंत ते डॉक्टरांची चिठ्ठी चाळत राहिले. मग म्हणाले, "डॉक्टर फारच तरुण आहे."

कॉलनी भेटायला येऊ लागली. हृदयाच्या आजाऱ्याकडे रिकाम्या हातानं जायचं नसतं, आणि न्यायचं ते मोसंबी नाहीतर शहाळं. वहिनी ते सगळं शेजारीपाजारी वाटून टाकत. वर्क्स मॅनेजर येईपर्यंत हे निभावलं. साहेबांची मोटार दाराशी थांबली, ड्रायव्हरनं शहाळी आत आणली, आणि साहेबांनी तिथल्या तिथे एक फोडायला लावलं.

"यांना चालत नाही," वहिनी दारातून म्हणाल्या.

"अहो, शहाळं कुणाला चालत नाही? हार्टला उत्तम!"

"साहेब, त्यांच्या मूत्र—" मी सुरुवात केली.

"तुम्ही गप्प बसा हो!" शेजारी माझ्यावर कडाडले, आणि साहेबांकडे वळून मऊ आवाजात म्हणाले, "ही मंडळी उगाच घाबरतात, साहेब."

दोन्ही हातांनी धरून त्यांनी ते शेवटच्या थेंबापर्यंत संपवलं. त्या आजारापासून ते असं पोटभर काही प्यायले नव्हते. साहेबांनी पाठ थोपटली आणि दुसरं फोडायला सांगितलं. साहेबांचं चाललं म्हटल्यावर इतरांचं का नको? मग आठवडाभर ते प्रत्येकाचा मान राखत राहिले. मी चिडून बोललो तेव्हा म्हणाले, "अहो, त्या दुखण्यात माझ्याकडे एकच माणूस आला होता, आणि तोही जाताना हसत गेला. आता दारात चपला मावत नाहीत. नाही कसं म्हणू?"

पहिल्या शिफ्टचा भोंगा वाजत असताना ते गेले. मृत्यूच्या दाखल्यावर नुसतं हृदयविकार असं लिहून आलं. त्यांच्या मनासारखं झालं. शोकसभेत साहेब त्यांच्या मनाच्या मोठेपणावर बोलले, आणि नळाची चेष्टा करणारे पहिल्या रांगेत बसून डोळे पुसत होते.

मी तिथून उठून त्यांच्या घरी गेलो. जिथे त्यांना ठेवलं होतं तिथे दिवा तेवत होता, आणि रिवाजाप्रमाणे त्याच्याजवळ ठेवायला वहिनी पाणी ओतत होत्या. मापाच्या पाण्याच्या त्याच तांब्यात. तांब्या काठोकाठ भरला, पाणी फरशीवरून वाहू लागलं, तरी त्यांचा हात थांबेना. मी पुढे झालो, तशा म्हणाल्या, "राहू द्या, भावोजी. पिऊ देत त्यांना. इतके दिवस मीच नको म्हणत होते."